रस्त्यावरची माणसे मोजताय? मग आधी सांगा, मोजणार कोण!

मध्य मुंबईतल्या एका जुन्या चाळवस्तीत मागे काही मुले-मुली हातात फॉर्म घेऊन आली होती. एका संस्थेकडून 'रस्त्यावरच्या जीवनाचे' सर्वेक्षण चालू होते. फॉर्मवर रकाने होते : चालणारे, उभे असलेले, बसलेले, खेळणारी मुले, विक्रेते. दर तासाला दहा मिनिटे उभे राहायचे आणि खुणा करायच्या. मुले प्रामाणिक होती, उन्हात उभी राहून काम करत होती. चाळीच्या दारात पापड वाळत घालणाऱ्या एका आजींनी त्यांना विचारले, "पोरांनो, मी कुठल्या रकान्यात? बसलेली म्हणून लिवलं का?" एका मुलीने सांगितले, "हो आजी, 'बसलेले' मध्ये." आजी म्हणाल्या, "मी बसलेय कुठं? मी कामावर आहे."

आजींच्या या एका वाक्यात आमचा सगळा लेख आहे. तरीही तो सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते. कारण जुन्या शहरांच्या पुनर्विकासाची भाषा बदलते आहे. पूर्वी इंजिनियर यायचे, इमारत धोकादायक म्हणायचे आणि बुलडोझर यायचा. आता त्याआधी सर्वेक्षण येते, नकाशा येतो, 'लोकजीवनाचा अभ्यास' येतो. या अभ्यासाला आपण हसून चालणार नाही आणि त्याच्यासमोर टाळ्या वाजवूनही चालणार नाही. त्यातले काय आपले आहे आणि काय आपल्या विरोधात जाऊ शकते, ते ओळखावे लागेल.

मोजणीची ही रीत आली कुठून?

१९६१ मध्ये अमेरिकेत जेन जेकब्स यांनी शहर नियोजनावर एक पुस्तक लिहिले आणि नियोजनकारांच्या अहंकारालाच हात घातला. जुन्या गल्ल्या म्हणजे घाण, त्या पाडा आणि रुंद रस्ते करा, या विचाराला त्यांनी विरोध केला. फुटपाथवर सतत वावर असतो म्हणून गल्ली सुरक्षित राहते, हे त्यांनी दाखवले. पुढे विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसे कुठे बसतात, कुठे थांबतात याचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये मोटारींना बंद झाला. तिथे वास्तुविशारद यान गेल यांनी पादचाऱ्यांची मोजणी सुरू केली आणि पुढे अनेक शहरांनी ती पद्धत उचलली.

या पद्धतीचे मोल आम्ही नाकारत नाही. तोपर्यंत शहरे फक्त गाड्या मोजत होती. ज्याची मोजणी होते त्याचीच सोय होते, म्हणून रस्ते गाड्यांचे झाले. पायी चालणारा माणूस कुठल्याच तक्त्यात नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी फुटपाथही नव्हता. माणसे मोजायला सुरुवात झाली आणि निदान कागदावर तरी पादचारी दिसू लागला. पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला 'पादचारी दिन' साजरा होतो, गाड्या बंद ठेवून रस्ता माणसांना मोकळा केला जातो. त्याच्यामागचा विचार याच परंपरेतला आहे.

आकडे आपल्याला परके नाहीत

'हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याला काय करायचे' असे काही कार्यकर्ते म्हणतात. मित्रांनो, आकड्यांशी आपले नाते फार जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेला मुद्दा शेवटी मोजणीचाच होता : कर कोण भरतो आणि शिक्षण कोणाच्या पदरात पडते? १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी शिक्षणाचे जे निवेदन दिले, तेही आकडेवारीच्या पायावर उभे होते.

आणि १९३२ ची लोथियन समिती आठवा. मताधिकार ठरवणाऱ्या या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांना राजकीय हक्क द्यायची वेळ आली, तेव्हा काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांनी 'आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच' अशी भूमिका घेतली. ज्यांना रोज विहिरीवरून हाकलले जात होते, ते कागदावरून गायब होऊ लागले! बाबासाहेबांनी या लपवाछपवीला विरोध करत आपली स्वतंत्र टिपणी जोडली. यातून शिकायचे ते हे : मोजणी हे राजकारण आहे. कोणाला मोजायचे, कोणत्या नावाने मोजायचे आणि कोणाला वगळायचे, हे ठरवणाऱ्याच्या हाती सत्ता असते. जनगणनेत जातीची नोंद व्हावी म्हणून आपण भांडतो ते याच कारणाने. मग आपल्या गल्लीत फॉर्म घेऊन कोणी उभा राहिला, तर आपण गप्प का बसावे?

संख्या दिसते, नाते दिसत नाही

क्षणभर कल्पना करा. १८४८ च्या पुण्यात कोणी असा फॉर्म घेऊन बुधवार पेठेत उभा आहे. सावित्रीबाई भिडेवाड्यातल्या शाळेकडे निघाल्या आहेत. ओट्यांवर, कोपऱ्यांवर माणसे उभी आहेत. त्यांच्या हातात शेण आहे, दगड आहेत. आपला सर्वेक्षक काय लिहील? 'चालणारे : एक. उभे असलेले : दहा-बारा. रस्ता गजबजलेला, सामाजिक संपर्क उत्तम.' दगड मारणाऱ्याची गणना 'रस्त्यावरचे जीवन' म्हणून होईल आणि जिच्यावर दगड पडतात तिचीही तशीच होईल.

जातीच्या समाजात रस्ता कधीच नुसता रस्ता नव्हता. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. १९२४-२५ चा वैकोमचा सत्याग्रह देवळात जाण्यासाठी नव्हता, तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये आपले लोक परिषदेच्या मांडवातून निघाले आणि भर बाजारातून चालत चवदार तळ्यावर गेले. ते चालणे हाच सत्याग्रहाचा अर्धा भाग होता. म्हणून आमचे म्हणणे आहे की किती माणसे रस्त्यावर आहेत, एवढाच प्रश्न पुरा पडत नाही. कोण निर्धास्त चालतो, कोण खाली मान घालून चालतो आणि कोण त्या रस्त्याने जातच नाही, हे विचारल्याशिवाय मोजणी आंधळी राहते. जो आलाच नाही त्याला फॉर्ममध्ये जागा कुठे आहे?

गजबज की नाइलाज?

आता मुंबईच्या बीडीडी चाळींकडे येऊ. आंबेडकरी चळवळीचा इतिहास या चाळींशिवाय लिहिता येत नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर, सामायिक. गावकुसाबाहेरून आलेला आपला माणूस गिरणीत, गोदीत, महापालिकेत कामाला लागला आणि या खोल्यांत राहू लागला.

या चाळींच्या मधल्या रस्त्यांवर कोणत्याही वेळी जा, माणसेच माणसे. पोरे अभ्यासाला बसलेली, बाया भांडी-धुणी घेऊन बसलेल्या, म्हातारे बाकड्यावर, कॅरमभोवती घोळका, रात्री चटई टाकून झोपलेले तरुण. यान गेल यांच्या मोजणीत हा रस्ता पहिला नंबर काढेल. परदेशी अभ्यासक फोटो काढतात आणि लिहितात, 'किती जिवंत संस्कृती!' आपले काही साहित्यिकही चाळीच्या आठवणींनी हळवे होतात.

आम्ही विचारतो, १६० चौरस फुटांत आठ माणसे राहत असतील तर तरुण मुलगा रात्री झोपणार कुठे? तो रस्त्यावर झोपतो याला संस्कृती म्हणायचे का? यान गेल यांनी स्वतःच एक फरक सांगितला आहे : काही कामे माणूस गरजेपोटी बाहेर करतो, काही हौसेने करतो. जागा चांगली असेल तर हौसेचा वावर वाढतो, असे त्यांचे म्हणणे. पण आपल्या वस्तीत ही रेषा पुसट होते. आपला पोरगा दिव्याखाली वाचतो ते हौसेने नाही, घरात जागा नसते म्हणून. वस्तीतली बाई नळावर तासभर बोलत उभी राहते, त्यात मैत्री आहे आणि पाण्याची रांगही आहे. दोन्ही खरे आहे. फॉर्ममध्ये मात्र एकच खूण होते.

म्हणून चाळी जशाच्या तशा ठेवा म्हणणाऱ्या वारसाप्रेमींना आम्ही स्पष्ट सांगतो : सामायिक संडासाच्या रांगेत उभे राहण्याचा वारसा आम्हाला जपायचा नाही. म्हाडाच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. ज्या घरातल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दाराआड न्हाणीघर मिळाले, तिला 'रस्त्यावरचे जीवन हरवले' म्हणून कोणी हळहळ ऐकवू नये.

पण टॉवरने काय नेले, तेही मोजा

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. चाळीच्या रस्त्यावर नुसता नाइलाज नव्हता. तिथे चळवळ होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी झालेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाट सुरू झाली. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिले. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चावर झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव शहीद झाले. पत्रक वाटायचे तर जिन्यात, सभा लावायची तर दोन चाळींच्या मधल्या पटांगणात, वर्गणी काढायची तर दारोदार. रात्री पोलिसांची गाडी आली तर मिनिटात सगळी चाळ खाली. ही सगळी यंत्रणा त्या रस्त्यावर, त्या व्हरांड्यात उभी होती.

चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, गेट आहे, वॉचमन आहे. भीमजयंतीची मिरवणूक कुठून निघणार? बुद्धविहार, वाचनालय, व्यायामशाळा कुठे असणार? पत्रक वाटणाऱ्या कार्यकर्त्याला वॉचमन आत सोडेल का? शेजारच्या विक्रीच्या इमारतींत जो श्रीमंत वर्ग येईल, तो १४ एप्रिलच्या ढोलाला 'ध्वनिप्रदूषण' म्हणून तक्रार करेल की नाही? हे प्रश्न भावनेचे नाहीत, नियोजनाचे आहेत. पाडण्याआधी ही वापराची मोजणी झाली असती, तर पटांगण किती मोठे हवे, तळमजल्यावर काय हवे, हे आपल्याला मागता आले असते. ज्या चाळी अजून उभ्या आहेत, तिथे ही संधी शिल्लक आहे.

आणि मोजायचे कोणत्या दिवशी? अशी सर्वेक्षणे एक 'सामान्य' कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घेतात. त्या हिशेबात १४ एप्रिल 'अपवाद' ठरतो आणि ६ डिसेंबरचे शिवाजी पार्कही. लाखो माणसे येतात, रात्रभर रांगेत उभी राहतात, पुस्तके विकत घेऊन गावी नेतात. शहराच्या तक्त्यात ते सर्व एका दिवसाची 'गर्दी'. आपल्यासाठी तेच वर्षाचे केंद्र आहे.

अडथळा कोण?

मोजणीनंतर 'सुशोभीकरण' येते आणि तिथे खरी मेख आहे. विल्यम व्हाइट यांच्या सल्ल्याचा आधार घेऊन न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क नव्याने घडवले गेले आणि १९९२ मध्ये खुले झाले. हलवता येतील अशा खुर्च्या, खाण्याचे गाळे, बागा. पार्क सुंदर झाले यात शंका नाही. पण तिथला एक उद्देश असाही होता की 'हव्याशा' माणसांचा वावर इतका वाढवायचा की 'नको असलेली' माणसे आपोआप मागे सरतील. हा 'नको असलेला' माणूस भारतात कोण असतो, हे आम्ही सांगायला हवे का?

दिल्लीच्या चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा पट्टा २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला. दिवसा मोटारींना बंदी, लाल दगडाची फरसबंदी. चालणाऱ्याची सोय झाली. पण त्या बाजारात हातगाडी ओढणारा, डोक्यावर गाठोडे वाहणारा, फुटपाथवर विकणारा माणूस 'सौंदर्यात' बसतो का, हा वाद संपलेला नाही.

आपल्या गल्लीत पाहा. कोपऱ्यावरचा गटई कामगार 'विक्रेता' आहे की 'अतिक्रमण'? समाजकल्याण विभाग त्याला पत्र्याचा स्टॉल देतो आणि महापालिकेची गाडी तोच स्टॉल उचलायला येते. पहाटे पाचला झाडू मारणारी बाई आठ वाजता घरी गेलेली असते. मोजणी आठला सुरू झाली तर रस्ता स्वच्छ दिसतो, स्वच्छ करणारी दिसत नाही. कचरा वेचणारी, भंगार गोळा करणारा, दोन पोती भाजी घेऊन पहाटेच्या लोकलने येणारी बाई, यांच्याशिवाय जुन्या शहराचा एक दिवसही चालत नाही. पण नव्या नकाशात झाडे काढलेली असतात, बाकडी काढलेली असतात, हातात कॉफी घेतलेली माणसे काढलेली असतात. झाडूवाली कुठल्याच चित्रात नसते.

कायदा आपल्या बाजूने मोजू देतो

हताश होण्याचे कारण नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. त्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा फेरीवाल्यांचे सर्वेक्षण झाले पाहिजे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. वॉर्ड, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचे आहे. जिथे बाजार आपसूक भरत आला आहे, त्या जागेला ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही आणि केवळ गर्दी हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व हवे.

म्हणजे इथे मोजणी हीच ढाल आहे. बाजार 'आपसूक भरत आला' हे सिद्ध करायचे तर तारखा, वेळा, माणसे यांची नोंद लागते. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणानंतर अधिवासासारख्या अटींमुळे मोठ्या संख्येने फेरीवाले अपात्र ठरले, कारण कागद त्यांच्याकडे नव्हते आणि त्यांच्या बाजूची नोंद कोणी ठेवली नव्हती. ती नोंद ठेवण्याचे काम आपले होते.

आपल्या नाक्याचेही मोजमाप

एक गोष्ट आपल्यालाच कडू लागेल, तरी सांगतो. व्हाइट यांनी एक साधी कसोटी सांगितली होती : जागेवर स्त्रियांचे प्रमाण कमी दिसले तर समजा त्या जागेत काहीतरी चुकले आहे. ही कसोटी आपल्या नाक्याला लावा. निळा झेंडा, बाबासाहेबांचा फलक, बाकडे. आणि बाकड्यावर? सगळे पुरुष. बहिणी तिथून झपझप निघून जातात. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या फलकाखाली बाईला दहा मिनिटे निवांत बसता येत नसेल, तर तो दोष नगररचनेचा नाही, आपला आहे. दुसऱ्याच्या फॉर्मवर टीका करण्याआधी हा रकाना आपण स्वतः भरू.

मग काय करायचे?

'तुम्ही रस्त्यावरच्या माणसाला जात विचारणार का?' असा प्रश्न येईल. नाही. वाटसरूला जात विचारायची नाही, कोणाचे फोटो काढायचे नाहीत, विक्रेत्याचे नाव-गाव पोलिसांच्या हाती पडेल अशी यादी करायची नाही. पण काम विचारता येते, किती वर्षांपासून इथे आहात हे विचारता येते, कुठून येता, कशाला घाबरता हे विचारता येते. घराघरांतल्या सर्वेक्षणात ज्याला आपली जात सांगायची आहे त्याला सांगू द्यावी. पुनर्विकासात कोणाला घर मिळाले आणि पोटभाडेकरू म्हणून कोण बाहेर फेकले गेले, हे त्याशिवाय कळणार नाही.

आमचे आवाहन साधे आहे. प्रत्येक जुन्या वस्तीत पाच-सहा तरुण-तरुणींनी एकत्र या. एक कामाचा दिवस, एक रविवार आणि एक आपला दिवस निवडा. पहाटे पाच ते रात्री अकरा मोजा. माणूस चालतो की बसतो एवढेच लिहू नका. तो काम करतो आहे की विसावा घेतो आहे, नाइलाजाने बाहेर आहे की आवडीने, हे त्यालाच विचारून लिहा. बाया किती, म्हातारे किती, आणि कोणत्या वेळी त्या दिसेनाशा होतात, ते लिहा. विहार, वाचनालय, तालीम, सभेची जागा, मिरवणुकीचा मार्ग नकाशावर काढा. मग ते कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात, पथविक्रेता समितीत, पुनर्विकासाच्या सुनावणीत जा. हरकती-सूचनांची मुदत असते, ती चुकवू नका. सोसायटीच्या बैठकीत हेच कागद टेबलावर ठेवा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतीवर लिहितो. आपल्या गल्लीचा तक्ता स्वतः भरणे हे त्यातले शिकणे आणि संघटित होणे दोन्ही आहे. नाहीतर उद्या पुन्हा कोणी फॉर्म घेऊन येईल, आजींना 'बसलेले' मध्ये टाकेल आणि त्यांच्या पापडांच्या जागेवर कुंडी ठेवून निघून जाईल. आजी कामावर आहेत, हे लिहिणारा हात आपलाच असला पाहिजे.

जय भीम!